आबांची नाजूक तब्येत

गेल्या महिन्यात एका मंगळवारी पाचवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत होतो. दवाखान्याचा कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, आबा गेलं." मी खडू खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की डॉक्टर जागेवर होते का? "व्हते की. शेवटपातूर नाडी धरून बसलेलं." ते ऐकलं आणि मला हसू फुटलं. पोरं माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. बघू देत. हवालदार ज्ञानू काटकर, म्हणजे आमच्या अख्ख्या वाडीचे आबा, सरकारी डॉक्टरच्या हातात हात देऊन गेले, यात केवढा विजय आहे हे पाचवीच्या पोरांना कुठून कळणार?

आमची वाडी म्हसवडच्या अलीकडे, उघड्या माळावर. आबा फौजेतून परतले ते एक ट्रंक, एक काळी छत्री आणि एक आवाज घेऊन. आवाज असा, की त्यांनी बांधावरून बैलाला हाक मारली की पलीकडच्या टेकडीवरच्या मेंढ्या मुकाट्यानं रांगेत उभ्या राहायच्या. मी डोळ्यांनी पाहिलंय. पण या माणसाच्या काळजात एक कुलूप अडकलं होतं. वाडीत सरकारी दवाखाना बांधून झाला होता, रंग दिला होता, पाटी लावली होती, आणि दाराला हे भलंमोठं कुलूप. कागदावर डॉक्टर होता, पण प्रतिनियुक्तीवर; म्हणजे नेमणूक आमच्या वाडीत आणि खुर्ची लांबच्या कुठल्यातरी मोठ्या गावात. आबांचा धाकटा भाऊ तुकाराम, त्याला साप चावला तेव्हा लोकांनी उचलून याच दवाखान्याच्या पायरीवर आणला आणि कुलूप हलवत बसले. तुकाराम त्या पायरीवरच गेला. आबा तेव्हा सरहद्दीवर होते. रजा काढून आले, पायरीवर बसले आणि दिवसभर कुलपाकडे बघत राहिले… तेवढ्या आवाजाचा माणूस इतका गप्प मी एकदाच पाहिला.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी अर्जांचा असा सपाटा लावला, की पोस्टातल्या माणसाला त्यांचं अक्षर स्वप्नात दिसायचं. उपयोग शून्य. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती लोकसभा निवडणूक लागली आणि आबा माझ्याकडे येऊन म्हणाले, "मास्तर, आर्ज करून दमलो. आता उमेदवारीचाच आर्ज भरू." भरला. अपक्ष. त्यावर सूचक म्हणून सही कुणाची होती ते विचारू नका. मी सरकारी नोकर माणूस, मी प्रचार केला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळ-संध्याकाळ आबांच्या मागून फिरायला जायचो, एवढंच. निशाणी मिळाली छत्री. ज्या मुलखात ढग वाट चुकूनसुद्धा फिरकत नाही, तिथं छत्री! आबांनी ट्रंकेतली फौजी छत्री काढली, ती डोक्यावर धरून वाडी-वस्तीवर चालत निघाले. भाषण एका वाक्याचं. "दवाखान्याचं कुलूप काढा." मैदानातले दोन्ही मोठे उमेदवार जीपगाड्यांच्या धुरळ्यात शेजारून जायचे आणि हसायचे.

प्रचार अर्ध्यावर आला आणि म्हसवडच्या भर बाजारात आबा उन्हानं चक्कर येऊन पडले. खरंच पडले, ते सोंग नव्हतं. चारपाच जणांनी छत्रीसकट टेम्पोत घालून घरी आणले. लिंबाखाली खाट टाकली, पाणी मारलं, आणि घटकाभरात गडी उठून भाकरी मागायला लागला. पण मला त्याच वेळी अर्जासोबत मिळालेलं माहितीपुस्तक आठवलं. मास्तर असल्यामुळं मी ते बारीक टायपासकट वाचलं होतं. त्या काळी नियम असा होता, की मतदानाआधी कुठलाही उमेदवार मेला, मग तो अपक्ष का असेना, तर मतदारसंघातली सगळी निवडणूक रद्द. पुन्हा नव्यानं भिंती रंगवा, पुन्हा जीपगाड्या फिरवा, पुन्हा उन्हात हात जोडा. मी हे फक्त चहाच्या टपरीवर, फक्त दोन माणसांना, अगदी हळू आवाजात सांगितलं. तिन्हीसांजेच्या आत तिकडे फलटणपर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाडीत इतक्या जीपगाड्या आल्या, की कोंबड्यांना चालायला वाट राहिली नाही. एका बड्या उमेदवाराचे उजवे हात जयवंतराव, कडक इस्त्रीचा सदरा घालून, स्वतःच्याच उमेदवाराच्या पत्रकानं आबांना वारा घालत होते. दुसऱ्या उमेदवाराचा माणूस पाय चेपत होता. ज्यांच्यात विस्तव जात नव्हता ते एकाच खाटेवर टेकले होते. शहाळी, मोसंबी, बर्फाच्या लाद्या… वाडीत पहिल्यांदाच बर्फ आला होता, म्हाताऱ्यांनी हात लावून नमस्कार केला. आबा डोळे मिटून पडले होते. जयवंतरावांनी हौसाकाकूंना, म्हणजे आबांच्या मंडळींना, काळजीनं विचारलं, की पोटात काही गेलंय का? काकू आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. "गेलंय की. सकाळी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आन वर अजून दोन मागितल्या." जयवंतरावांच्या हातातला पत्रकाचा पंखा थांबला. आबांनी डोळे न उघडता क्षीण आवाजात सांगितलं, "ती शेवटची भूक व्हती, राव." पंखा दुप्पट जोरानं सुरू झाला.

जयवंतराव म्हणाले, गाडी तयार आहे, थेट सांगलीला मोठ्या दवाखान्यात जाऊ. आबांनी एक डोळा उघडला. "आन वाटंत गेलो मंजी?" जयवंतरावांनी ड्रायव्हरला गाडी बंद करायला खुणावलं. "मला गावातल्या दवाखान्यात निजवा. डॉक्टर आला तर औषद घीन, न्हाईतर हाय तसाच बरा." कुणीतरी अडखळत म्हणालं, की आबा, आचारसंहिता चालू आहे, आता बदल्या होत नाहीत. "मरायला हाय का आचारसंहिता?" आबांनी विचारलं. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की बदलीची गरजच नाही. डॉक्टर कागदावर इथलाच आहे, त्याची प्रतिनियुक्ती रद्द केली की झालं. मतदान होईपर्यंत पाठवतो म्हणाले. तेव्हा मात्र आबा खाटेवर उठून बसले. "टेम्परवारी ड्यूटी नगं. पोस्टिंग पायजे. सहीशिक्क्यासकट." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मास्तर, आजवर माज्या जगण्याला कुणी इच्यारलं न्हवतं. आता मरणाला सगळा जिल्हा इच्यारतुया."

किल्ली सापडेना. दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांनी मिळून पहारीनं कुलूप तोडलं. आत चिमण्यांची घरटी होती. झाडलोट झाली, खाट पडली, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर उतरले. कोवळा पोरगा, हातात बॅग, कपाळावर आठी. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की हा माणूस बैलाच्या जागी जुंपला तरी नांगर ओढेल हे त्यांना समजलंय. बाहेर पुढारी ताटकळत उभे. डॉक्टरांनी एक शब्द बोलायचा अवकाश, सगळा डाव उधळला असता. आबा सोंग टाकून सरळ बोलले. "डॉक्टर, त्या पायरीवर माजा भाऊ मेला. तवाबी हितं डॉक्टर व्हता, कागदावर. आता माजी तब्येत कशी हाय, ते तुमीच सांगा." डॉक्टरांनी एकदा पायरीकडे पाहिलं… मग बाहेर गेले आणि म्हणाले, "तब्येत नाजूक आहे. मला इथून हलता येणार नाही." लेखी हुकूम त्याच आठवड्यात आला. कायमचा.

मतदानाच्या दिवशी आबा छत्री उघडून ऐटीत गेले, मत टाकलं, आणि केंद्रापासून लांब, मारुतीच्या पारासमोर, जयवंतरावांच्या साक्षीनं एकवीस जोर मारले. जयवंतराव आधी लाल झाले आणि मग पोट धरून हसले. मोठ्या मनाचा गडी. आबांची अनामत जप्त झाली. पण निकालादिवशी आमच्या वाडीत जो गुलाल उधळला, तेवढा निवडून आलेल्यांच्या दारातही नव्हता. मेंढ्या आठ दिवस गुलाबी दिसत होत्या. पुढं दिल्लीत तो नियम बदलला. अपक्ष मेला तर निवडणूक थांबत नाही असा कायदा झाला. का बदलला ते दिल्लीवाले काहीही सांगोत, आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे. आबा म्हणायचे, "येका हवालदाराला भिऊन पार्लमेंट बसलं रं, गड्या."

ते डॉक्टर सात वर्षं राहिले. त्यांच्या जागी दुसरे आले, आणि मध्ये एक दिवससुद्धा दाराला कुलूप लागलं नाही. आबांनी ती छत्री दवाखान्याच्या दारामागं खिळ्याला अडकवली. ऊन असेल तेव्हा पेशंटनं ती घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत जायचं, दुसऱ्या दिवशी परत आणायची, हा शिरस्ता. इतक्या वर्षांत कुणी पळवली नाही. आबांना शेवटी छातीत कळ आली तेव्हा ते त्याच छत्रीखाली, स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेले. पायरीवर क्षणभर थांबले म्हणे, आणि मग आत गेले.

परवा मी मुद्दाम तिकडं गेलो. डॉक्टर टेबलाशी होते, पायरीवर बायकांची रांग होती. दारामागचा खिळा रिकामा दिसला. म्हटलं, आबांबरोबर छत्रीही गेली की काय! मग बाहेर पाहिलं. लांब माळावर, रणरणत्या उन्हात, कुणीतरी बाई कडेवर पोर घेऊन थांब्याकडे चालली होती, आणि त्या दोघांच्या डोक्यावर ती काळी छत्री…

आबा प्रचाराला गेले होते.