पैलवानाचा प्रबंध

कुणी काही अवघड बोललं, की हा माणूस आधी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडायचा. मग खुर्ची पुढे ओढून म्हणायचा, "हं, आता बोला." प्राचार्यांची मीटिंग असो, विद्यार्थ्याची शंका असो, नाहीतर कँटीनच्या पांचट चहाची तक्रार असो, बाह्या दुमडल्याशिवाय तोंड उघडणार नाही. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. आमच्या बेळगावच्या कॉलेजात तो इंग्रजी शिकवायचा आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्याला पैलवान म्हणायचे.

उचगावच्या शेतकरी घरातला. वडील, म्हणजे आप्पा, जुने नावाजलेले मल्ल. यानेही पोरवय तालमीच्या मातीत काढलेलं. असा माणूस पीएच.डी.ला विषय काय घेतो? एका आधुनिक अमेरिकन कादंबरीकाराच्या लेखनातली लैंगिकता आणि पुरुषत्व! स्टाफरूमला आयतंच खाद्य मिळालं. गणिताचे सर तर पैलवान आत आला की "दार लावून घ्या" म्हणायचे. मी मराठी शिकवणारी, जीभ मुळात तिखट. मीही विचारलं, घरी विषय सांगितला का?

"सांगितला की," तो म्हणाला. "अमेरिकेतल्या पुरुषांवर हाय म्हटलं. आप्पा म्हणाले, तिकडं तालमी हायत व्हय?"

आमची घरं हिंडलग्यात एकाच गल्लीत. त्यामुळे तो अमेरिकन कादंबरीकार मला न वाचताच पाठ झाला होता. त्याच्या कादंबऱ्यांतले पुरुष म्हणे सतत बढाया मारतात, एका बाईकडून दुसरीकडे धावतात आणि कुठे कमी पडले की घरी येऊन बायकोवर ओरडतात. मला त्यांचा मनस्वी राग यायचा. पैलवानाला मात्र त्यांची कीव यायची.

"आमचे वस्ताद सांगायचे, लंगोट घट्ट ठेवा," तो एकदा म्हणाला. "ह्यांचं नेमकं उलटं. पण मॅडम, भ्या दोघांनाबी एकच. आपण पुरुष न्हाय असं कुणी म्हणंल, याचंच."

शेवटच्या प्रकरणाशी त्याचं घोडं अडलं. आपली उणीव लपवणाऱ्या पुरुषांवरचं ते प्रकरण. मार्गदर्शकांचे फोनवर फोन यायचे आणि हा नुसता बसून राहायचा. का, ते मला त्याच्या बायकोकडून कळलं. ती शाळेत शिकवायची, माझ्याकडे संध्याकाळी भाजी निवडायला यायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. सासरचे तिला देवाला, वैद्याला, कुणाकुणाच्या पायाला नेऊन आणत होते. दोघांच्या तपासण्या मात्र झालेल्या होत्या, आणि दोष त्याच्यात निघाला होता. तिनेच त्याला शपथ घातली होती, की पैलवानाच्या घरात हे बोलायचं नाही. आप्पांची मान खाली जाईल, माझं मी बघते. आणि तो गप्प बसला होता. सांगते, त्या दिवशी मला त्याचा संताप आला.

मग त्याच्या धाकट्या भावजयीचं डोहाळजेवण आलं. मलाही बोलावणं होतं. बायका एकेक करून तिची ओटी भरत होत्या. पैलवानाच्या बायकोने ताट उचललं, तोच त्याच्या म्हाताऱ्या आत्याने ते तिच्या हातून हळूच काढून घेतलं. "तू ऱ्हाऊ दे गं. तू आत पुरणाचं बघ." ती आत वळली. सवयच झालेली.

अंगणात पुरुषांची पंगत बसली होती. तिथून त्याने हे पाहिलं. भरल्या ताटावरून तो उठला आणि हात न धुता बायकांच्या घोळक्यात येऊन उभा राहिला. बाह्या दुमडायचंही त्याला सुचलं नाही.

"आत्या, दोष तिच्यात न्हाय. माझ्यात हाय. डॉक्टरनी सांगितलंय."

त्याची आई धावत आली. "गप रं! मानसं ऐकत्यात."

"ऐकू द्या. त्यासाठीच बोलायलोय."

बोलली ती पाटावर बसलेली भावजय. थोरल्या जावेला तिने हाक मारली, "आक्का, तुमीच भरा आदी." थोरलीने अशी भरभरून ओटी भरली, की निम्मे तांदूळ खाली सांडले. बाहेर आप्पा जेवण टाकून शेताकडे निघून गेले होते.

त्याची किंमत त्याला मोजावी लागली. गावच्या यात्रेत कुस्त्यांना तो दरवर्षी पंच असायचा. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. चहाच्या टपरीवर हशा पिकायचा. आप्पांनी बोलणं टाकलं. न विचारता शपथ मोडली म्हणून बायकोही आधी रुसली. पण नंतर मला म्हणाली, सणाला सासरी जायची पिशवी हल्ली मी आदल्या दिवशीच भरून ठेवते. पैलवान मात्र दर रविवारी उचगावला जायचा, आप्पांच्या समोर बसून जेवायचा, परत यायचा. "बोलत न्हाईत तर न्हाईत. माझ्यासंगं जेवत्यात न्हवं?" ते अडलेलं प्रकरण त्याने त्याच काळात लिहून काढलं.

आता तो निपाणीच्या कॉलेजात असतो. त्याच्या खुर्चीवर नवे सर बसतात, त्यांचा शर्ट अर्ध्या बाह्यांचा असतो. मला मात्र त्याची शेवटची तोंडी परीक्षा विसरता येत नाही. आमच्याकडे पीएच.डी.ची परीक्षा म्हणजे निम्मं गाव जीप भरून येतं. परीक्षकांनी विचारलं, या विषयाचा आपल्या समाजाशी संबंध काय? तो इंग्रजीत बराच वेळ बोलला, एकदाही अडखळला नाही. मागच्या भिंतीशी आप्पा उभे होते. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

सत्काराची वेळ आली. शिपाई फेटा घेऊन पुढे झाला, तेव्हा आप्पा गर्दीतून आले आणि त्यांनी तो त्याच्या हातून काढून घेतला. कुस्ती मारल्यावर पोराला फेटा तेच बांधायचे, हे मला पैलवानाच्या भावाने कानात सांगितलं. पैलवानाने मान वाकवली. म्हाताऱ्याने सावकाश, पीळ बघत बघत फेटा बांधला.

"घट्ट झाला का रं?"

वर्षभरातला हा पहिला शब्द. पैलवानाने मान हलवली. फोटोवाला पुढे सरसावला तशी आप्पांनी त्याला हाताने थांबवलं आणि हॉलभर नजर फिरवली.

"थोरली सून कुठं हाय? तिला म्होरं बोलवा. तिच्याबिगर फोटू काढायचा न्हाय."

ती शेवटच्या रांगेत होती. सगळ्यांनी तिला वाट करून दिली.