परात आत ओढणारी बाई

उधना भागातल्या फुटपाथवर एक खानदेशी बाई कळण्याची भाकरी आणि ठेचा विकायची. नजर तव्यावर असली तरी पाऊल वाजलं की ती परात मांडीशी ओढून चालणाऱ्याला वाट द्यायची.

एकदा पालिकेचे दबाणवाले, म्हणजे अतिक्रमण हटवणारे लोक, तिची शेगडी उचलून घेऊन गेले. मी पेटून पत्रक लिहिलं, ‘फुटपाथ कष्टकऱ्यांचा!’ दुसऱ्या दिवशी ती उसनी शेगडी मांडून तिथंच बसली होती. पहिलं पत्रक तिलाच वाचून दाखवलं.

ती हसली. “भाऊ, मागच्या महिन्यात टेम्पोनं माझ्या जावेचा पाय मोडला. फुटपाथवर जागा नव्हती म्हणून रस्त्यानं चालत होती बिचारी. जागा कोणी अडवली होती? मीच ना!”

“म्हणजे पालिकेचं बरोबर?”

“चूक कसं म्हणू? पण मी भाकरी कुठं थापू, हे दबाणवाल्यांनी सांगितलं नाही. तुमच्या कागदात आहे का?”

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. आता कोणाच्या बाजूनं ओरडायचं, तेच मला कळेना.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. तिनं परात ओढली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “सरका भाऊ, वाटेत उभे आहात.”