उजवीकडची चंदेरी पट्टी

पडदा बंद आहे. पलीकडे हुडकेश्वरच्या समाजभवनात खुर्च्या भरल्यात, कूलर घरघरतायत. अलीकडे राजाच्या सिंहासनावर पोट उघडं टाकून ॲम्प्लिफायर निपचित पडलाय, आणि त्याच्यावर मुकुंदभाऊ वाकलेत. उभा जन्म नाटकांना उजेड आणि आवाज पुरवलेला हा माणूस. पण परवाच मोतीबिंदू काढला, जवळचा चष्मा अजून मिळायचाय.

राणीच्या शालूत प्रमोदिनी त्यांच्यासमोर बॅटरीचा उजेड धरून बसली होती. घशाच्या ऑपरेशननंतर ती आज पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहणार होती. माईकशिवाय तिचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नव्हता. आज फजिती झाली तर पुन्हा रंग लावणार नाही, असं तिनं बजावलं होतं. ती बोलते ते करते, हे मुकुंदभाऊंना पक्कं ठाऊक होतं.

मीटरच्या पिना त्यांनी चारही डायोडांवर टेकवून पाहिल्या. शेवटच्यावर मीटर किंचाळला. पिना उलटवल्या, तरी किंचाळला.

"हाच मेला."

"म्हंजे काय गा, भाऊ?"

"डायोड म्हंजे आपली विंग समज. इकडून प्रवेश, तिकडून एक्झिट. माघारी फिराची मनाई. लाइनीतला करंट सारखा येरझाऱ्या घालते. हे चौघं त्याले एकाच दिशेनं हाकलतात, तवा हा डबा बोलते. यानं दोन्हीकडून दार उघडं टाकलं, अन् फ्यूज उडला."

पडद्याच्या फटीतून आयोजक शोभाताईंचं डोकं आत आलं. "मुकुंदभाऊ, लोकं टाळ्या पिटून राहिले! नाटक हाय का रिपेरिंगचं दुकान?"

"तिकीट तेवढंच हाय, दोन्ही पाहा म्हना!"

नव्या डायोडसाठी दुकान गाठायला वेळ नव्हता. प्रेक्षकांमागच्या त्यांच्या टेबलावर एक लाल बत्ती असे. विंगेतून प्रमोदिनीनं बटण दाबलं की ती पेटायची आणि मुकुंदभाऊ तिथल्याच स्विचनं पडदा उघडायचे. ती बत्ती त्यांनी मागवली, तिच्या डबीतला जाड डायोड उपटला.

"चंदेरी पट्टी कोन्या बाजूले दिसते? तीच एक्झिट."

"उजवीकडं."

त्यांनी चाचपत तो मेलेल्याच्या जागी डाख देऊन बसवला, नवा फ्यूज घातला. मग प्लग थेट न लावता वायरीच्या मधे शंभर वॅटचा बल्ब जोडला, आणि बटण दाबलं.

बल्ब भक्कन पेटला. पेटलेलाच राहिला.

त्यांनी प्लग खेचला. बल्ब मधे नसता तर आतलं सगळं जळालं असतं. प्रमोदिनीनं बॅटरी खाली ठेवली. शालूचा पदर हळूहळू पिनेतून सोडवू लागली.

"थांब वं," मुकुंदभाऊ एकदम म्हणाले. "उजवीकडं म्हंजे, तुह्या का माह्या?"

ती प्रेक्षकांकडे तोंड करून उजवं धरणारी, ते मागून रंगमंचाकडे बघून. आयुष्यभर तालमींत याच उजव्यावरून भांडले होते दोघं.

"माह्या," ती पुटपुटली.

डायोड फिरवला. डाख दोनदा हुकला. बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. बटण दाबलं.

बल्ब लखलखला. मग बल्ब विझत विझत लालसर तार होऊन राहिला, आणि स्पीकरमधून बारीक घुंईऽ ऐकू आली.

प्रमोदिनीनं पदर पुन्हा पिनेत अडकवला. "पन भाऊ, तुमची बत्ती तं गेली. पडदा कवा उघडाचा, कसं समजन तुमाले?"

मुकुंदभाऊ उठले. "मी शेवटच्या रांगेमागं बसतो. तू आतूनच बोलाले लाग. तुहा आवाज माह्यापाशी आला का उघडतो."