शेवटची काही पानं

वाचनालयात मला हवी असलेली रहस्यकादंबरी एक आजोबा उभ्यानेच वाचत होते. मुदत संपली म्हणून ते ती परत करायला आले होते, पण शेवटची काही पानं राहिली होती.

"बसा जरा, बाई," म्हणाले आणि चक्क माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. चेहऱ्यावरून मला खुनी कळू नये म्हणून.

मी बाकावर बसले. पंखा संथ फिरत होता. घरी भाजी निवडायची होती, तरी उठावंसं वाटेना. गोष्ट कळण्याआधीची वेळ पायाला सरावलेल्या चपलेसारखी असते. तिच्यातून पाय काढायची घाई होत नाही.

शेवटचं पान संपल्यावर त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही.

"नशीबवान आहात," ते म्हणाले. "तुमचं अजून सगळं वाचायचंय."