मुकुटबनजवळच्या हरभऱ्यात थायलंड ऐकलं

दूरदेशीची मीडियम वेव्ह केंद्रं छोट्या रेडिओवर पकडायची, हा माझा पंचवीस वर्षांचा छंद. घरच्यांच्या भाषेत खूळ. गेल्या जानेवारीत कळलं, थायलंडमधलं एक लहानसं केंद्र बंद होतंय. नागपुरात एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या खरखरीत ते सापडणं अशक्य, म्हणून निघालो.

एसटीने यवतमाळ, मग दारव्हा. तिथे सलीमभाई राहतात, रेडिओ दुरुस्त करणारे, माझ्याइतकेच वेडे. त्यांच्या मोटारसायकलवरून पांढरकवडामार्गे मुकुटबन. शेवटच्या टप्प्यात हाडं खिळखिळी होतात, कमरेला पट्टा बांधा. पांढरकवड्याला तर्री-पोहे खा. चाळीस रुपयांत दुपार निघते.

मुकुटबनच्या अलीकडे शांताकाकूंचं शेत आहे. काकू म्हणजे सलीमभाईंचं जुनं गिऱ्हाईक. सगळीकडे घाट्यांनी लगडलेला हरभरा, दिवा एकही नाही. मी खूश होऊन रेडिओ लावला, तर दर सेकंदाला टक, टक. रानडुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी पेटी चालू होती.

"काकू, अर्धा तास बंद कराल का?" मी विचारलं.

त्या शेताकडे बघत राहिल्या. "डुकरं अंधार पडला का येतेत, भाऊ. बंद करते, पण चालू तुम्हीच करजा. मी सैपाकाले जाते."

"फिकर नका करू, माई," सलीमभाई म्हणाले.

मावळतीला पूर्वेकडची केंद्रं आधी उमटतात. रेडिओ हळूहळू फिरवत बसलो. साडेसहाला, म्हणजे त्यांच्याकडे आठ वाजता, एका बाईने केंद्राचं नाव घेतलं. स्वच्छ! आम्ही दोघे म्हातारे अक्षरशः नाचलो. वेळ, भाषा, गाणी सगळं वहीत उतरवलं आणि बडबडत काकूंच्या घरी जेवायला गेलो. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर. रात्रीचा मुक्कामही तिथेच.

वाढताना काकूंनी विचारलं, "पेटी चालू केली नं?"

निघताना सलीमभाई पेटीच्या बाजूने आले होते. "हो," मी म्हणालो.

सकाळी बांधावर गेलो तेव्हा अर्धं शेत उकरलेलं होतं. झाडं मुळांसकट उलटी पडलेली, घाटे मातीत तुडवलेले. सलीमभाईंनी जाऊन पेटी पाहिली, बंदच होती. "मले वाटलं तुम्ही केली." हरभरा पुन्हा पेरायची वेळ केव्हाच गेली होती. तीन महिने राखलेलं पीक आमच्या पायी गेलं.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसून धड राहिलेली झाडं वेगळी करत होत्या. "मीच एक चक्कर मारून पाहाले पाहिजे होतं," एवढंच म्हणाल्या. आम्ही दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर वेचत राहिलो. हाती लागल्या त्या दोन टोपल्या.

आता नागपुरात आहे. जागा सुंदर आहे, पण शेताचा नेमका पत्ता विचारू नका, मी देणार नाही. केंद्र ऐकू आल्याचा, त्यांना पाठवायचा अहवाल तसाच पडून आहे. आमच्या छंदात एक नियम फार कडक असतो: स्वतःच्या कानांनी नाव ऐकलं नसेल तर वहीत नोंद करायची नाही. एका अक्षराची शंका आली म्हणून मी कित्येक केंद्रं सोडून दिली आहेत. आणि त्या रात्री, ताटावर बसून, न बघितलेल्या पेटीबद्दल "हो" म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही.