नामाभाऊंच्या दोन बायका

आपल्या देशाच्या आजवरच्या राष्ट्रपतींपैकी एकाच्या तरी बायकोचं नाव सांगता येईल तुम्हाला? मोबाइल खिशात ठेवून सांगायचं. नाही ना येत? मग ललिता निरगुडाच्या आठवीच्या वर्गाला हसू नका. पस्तीस पोरांतल्या एकालाही आलं नव्हतं. ललिताने स्टाफरूममध्ये जाऊन तोच प्रश्न टाकला, तेव्हा एम.ए. झालेले दोन सरही चहाच्या कपात बघत बसले.

"परीक्षेला येत नाही हो ते," एक सर म्हणाले.

"म्हणूनच विचारलं," ललिता म्हणाली आणि दार आपटून निघून गेली. दार आपटायची तिला सवयच आहे.

ही शाळा कर्जत तालुक्यातली, पोशीरपासून फार लांब नाही. ललिता तिथे तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. म्हणजे जूनमध्ये नेमणूक, एप्रिलअखेर नारळ, पुन्हा जूनमध्ये संस्थेच्या दारात उभं राहायचं. ती डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. दहावीपर्यंत रोज दीड तास चालत गेली, पुढचं सगळं मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांवर, करवंदांच्या टोपलीशेजारी बसून. वाडीतली पहिली बी.ए., पहिली बी.एड. याचा तिला ताठा आहे. असणारच. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पदव्या लटकत असतील तर तुम्हाला तो कळायचा नाही.

तिची शिकवायची एक रीत होती. जुने फोटो नेटवरून काढायचे, नेरळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठे छापून घ्यायचे, आणि खालच्या ओळी मुडपून टाकायच्या. "आधी डोळे, मग अक्षरं," ती म्हणायची. राष्ट्रपतींचे फोटो तिने असेच आणले. खुर्चीतला माणूस सगळ्यांना ओळखू यायचा. मागे पदर सावरून उभी असलेली बाई कुणालाच नाही.

"काय दिसतंय?"

श्रद्धा फोटोवर वाकली. "मॅडम, या बाईंच्या चपला नव्या हायेत. टाच चावतेय त्यांना. पाय बघा कसा तिरका टाकलाय."

"आन्‌ त्यांना कदी एकदा फोटो संपतो असं झालंय," ऋतिक म्हणाला. "माझी आजी अशीच हुबी ऱ्हाते, गॅसवर दूध ठेवलेलं असलं का."

वर्ग हसला, ललिताही हसली. मग तिने मुडपलेला कागद उलगडला. खाली साहेबांचं नाव होतं, पाहुण्यांचं होतं, पाहुण्यांच्या कुत्र्याचंही होतं. बाईचं नव्हतं.

तिथेच तिचं डोकं फिरलं. दिल्लीचं राहू दे, आपल्या शाळेचं बघू, असं तिच्या मनाने घेतलं. शाळेच्या हॉलमध्ये संस्थेच्या पाच अध्यक्षांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. पहिले नामाभाऊ भगत, ज्यांनी भाताच्या खळ्यावर शाळा सुरू केली. शेवटचा, म्हणजे सध्याचा, त्यांचा पुतण्या नवनाथ, ज्याने शाळेला स्लायडिंगच्या खिडक्या बसवल्या. ललिताने पोरांना काम दिलं: पाच अध्यक्ष, त्यांच्या बायका शोधा. जुने फोटो काढा, नावं लिहा. सव्वीस जानेवारीला तक्ता लावायचा.

पोरं कामाला लागली. चार अध्यक्षांचं पटापट जमलं. नामाभाऊंपाशी गाडी अडली. शाळेच्या पायाभरणीच्या फोटोत त्यांच्या शेजारी नऊवारीतली काटकुळी बाई होती, आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं: चंद्रा, नामाची. तेरा वर्षांनंतरच्या स्मरणिकेत त्यांच्याशेजारी गोल पातळातली, चष्म्याची, अंगाने भरलेली बाई. खाली छापलेलं: अध्यक्ष श्री. नामदेव भगत व सौ. सुनंदा.

"दोन बायका होत्या मॅडम!" ऋतिक ओरडला.

नामाभाऊ आठ महिन्यांपूर्वीच गेले होते. त्यांची बायको चंद्राबाई शाळेमागच्याच घरात एकटी राहायची. मूलबाळ नाही. श्रद्धा म्हणाली, "मॅडम, आजीला विचारून येऊ का? धावत जाते नि धावत येते."

"काय विचारशील? तुझी सवत कोण होती म्हणून?" ललिता तिच्यावर खेकसली. "आठच महिने झालेत नवरा जाऊन. गप बस."

आता यात ललिताचं काय चुकलं? तिच्या वाडीत दोन बायकांचे संसार तिने पाहिले होते. मूल नाही म्हणून दुसरी आणलेली, आणि पहिली निमूटपणे भात कांडतेय. त्या बाईला कुणी सवतीविषयी विचारलं तर तिचा चेहरा कसा होतो, हे तिला माहीत होतं. चंद्राबाईचा तसा चेहरा करायचा नव्हता तिला. दुसरी बाई मधेच कधी मेली असेल, नाहीतर माहेरी गेली असेल, असं तिने धरून टाकलं. शिवाय फोटो हातात होते, अक्षरं हातात होती. तिने तक्त्यावर लिहिलं: श्री. नामदेव भगत. प्रथम पत्नी चंद्राबाई. द्वितीय पत्नी कै. सुनंदा.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. नवनाथ हॉलमध्ये आला, तक्त्यासमोर थांबला. दोनदा वाचलं. मोबाइल काढून फोटो घेतला.

"छान काम केलंत मॅडम," तो म्हणाला. "एवढा अभ्यास आमच्या पर्मनंट लोकांनीबी केला नाय कदी. खाली सही करा ना. रूपेश, शिक्का आण रं ऑफिसातून. रेकॉर्डला राहू दे."

सहा वर्षांत संस्थेच्या माणसाने पहिल्यांदा तिचं कौतुक केलं होतं. ललिताने सही केली. ठळक, पूर्ण नावाची. शिक्का बसला, तसा नवनाथने पुन्हा फोटो घेतला.

तीन आठवड्यांनी खिचडी शिजवणाऱ्या विमलबाईंनी तिला पिंपाजवळ गाठलं. हातातला डाव तसाच.

"मॅडम, तुमी काय लिवलंत त्या कागदावर?"

"का?"

"का म्हनं. म्हातारी दोन दिस जेवली नाय. नवनाथने तुमच्या कागदाचा फोटो सर्कल सायबाकडं लावलाय. म्हनतोय, काकाची लग्नाची बायको सुनंदा, ती मेली. ही चंद्राबाई कोन, ते तिलाच विचारा."

नामाभाऊंची जमीन नव्या रस्त्याला लागून होती. बंगल्यांच्या प्लॉटांचे बोर्ड तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले होते. सातबाऱ्यावर वारस म्हणून चंद्राबाईचं नाव चढायचं होतं, राहतं घरही त्याच जमिनीत. त्यावर नवनाथने मंडळ अधिकाऱ्याकडे, म्हणजे सर्कलकडे, हरकत घेतली होती, आणि पुरावा होता आठवीच्या वर्गाच्या तक्त्याचा फोटो, सही-शिक्क्यासकट.

ती तशीच मागच्या घरी गेली. चंद्राबाई ओटीवर पाय पसरून वाल सोलत होती. तिने वर पाहिलंच नाही.

"ये. तूच ना ती मास्तरीन?"

"आजी, माझं..."

"मी माझीच सवत झाले गं," चंद्राबाई म्हणाली. "चोपन्न वर्सं संसार केला, यांनी कदी दुसरीकडं नजर टाकली नाय. आन्‌ तू ते गेल्यावर त्यांचं दुसरं लगीन लावलंस. वर मला मारूनबी टाकलंस."

"म्हणजे सुनंदा...?"

"मीच. दुसरी कोन असनार?" तिने वालाची साल फेकली. "मांडवात ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं त्यात नाव लिवलं, सुनंदा. बाईचं नाव नवऱ्याच्या घरचं. रेशनकार्डावर तेच, जुन्या मतदारयादीत तेच. पन शाळा सुरू झाली तवा स्वयपाकाला माझ्या माहेरच्या बाया आल्या, त्या चंद्रा-चंद्रा करायच्या, मग सगळं गाव तेच म्हनायला लागलं. आधारवाला आला तवा मीबी चंद्राबाईच सांगितलं. तुमच्यात बदलत नाय का नाव?"

"नाही," ललिता म्हणाली. "आमच्यात जन्माला जे पडलं तेच शेवटपर्यंत."

"मग तुमीच शहाने," म्हातारी म्हणाली आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "पन पोरी, पन्नास पावलांवर ऱ्हाते गं मी. विचारायचं तरी होतंस."

ज्या बाईचं नाव कुणी विचारत नाही म्हणून तिने एवढा तमाशा केला होता, त्या बाईला तिनेही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नवनाथकडे गेली. भांडायच्या तयारीनेच. तो मात्र खुर्ची सरकवून बसला, चहा मागवला.

"मॅडम, अक्षर तुमचंच हाय. सहीपन तुमचीच. मी काय खोटं केलं?"

"तुम्हाला माहीत होतं. घरातल्या माणसाला माहीत नसतं होय, आपल्या काकूची दोन नावं?"

"मी ल्हान होतो तवा. मला काय आठवतंय?" तो हसला. "हे बघा, तुमी काय करायचं नाय. काय नाय करायचं, एवढंच. जूनमधे इतिहासाची जागा भरायचीय. पर्मनंट. आदिवासी उमेदवार असला तर वरूनबी प्रश्न येनार नाय."

ललिता उठली. चहा न घेता. दार आपटायचं राहून गेलं. सहा वर्षं ती जागेची वाट बघत होती. आई गुडघे धरून डोंगर उतरते, तिला नेरळला खोली करून द्यायची होती. रात्रभर तिने काय विचार केला ते तिचं तिला ठाऊक. चूक कबूल करण्याइतकं अवघड तिला आयुष्यात काही वाटलं नव्हतं. वाडीतल्या मुलीने लिहिलं म्हणून आधीच लोक चुका शोधायला बसलेले असतात. त्यात आपणच उठून सांगायचं, हो, चुकले?

सकाळी तिने पोरांच्या देखत तक्ता उतरवला.

"हे चुकलंय. आजीची दोन नावं आहेत, बायका दोन नाहीत. चूक माझी."

ऋतिक म्हणाला, "मग मॅडम, फोटो खोटं बोलला का?"

"फोटो कशाला बोलेल? बोलले मी."

"मी म्हनलं होतं, विचारून येऊ," श्रद्धा हळूच पुटपुटली.

एरवी अशा बोलण्यावर पट्टी टेबलावर आपटली असती. ललिता म्हणाली, "हो. म्हणाली होतीस."

सुनावणीला ती चंद्राबाईबरोबर कर्जतला गेली. तक्ता आपण लिहिला, चौकशी न करता लिहिला, तो चुकीचा आहे, असा जबाब तिने लेखी दिला. नवनाथचा वकील म्हणाला, "आज चूक म्हणता, तेव्हा खरं म्हणत होता. उद्या काय म्हणाल?"

"उद्या तुझं नाव विचारीन आणि दोनदा तपासून घेईन!" ललिता ओरडली.

"ताई, आवाज," सर्कल साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "आजींचं प्रतिज्ञापत्र आहे, तुमचा जबाब आहे. पण हरकत लेखी आहे, तीही शाळेच्या शिक्क्याची. चंद्रा आणि सुनंदा एकच, हे लग्न पाहिलेलं कुणी सांगायला हवं. नाहीतर लग्नाची पत्रिका, फोटो, काहीतरी."

तिथेच गाडं रुतलंय. नामाभाऊंकडचे म्हातारे गेले. चंद्राबाईचं माहेर खालापूर तालुक्यातलं, पाताळगंगेच्या काठावरची शेरीवाडी. कारखाने आले तेव्हा तिथल्या जमिनी गेल्या, घरं उठली, माणसं पांगली. कुणी रसायनीच्या चाळींत, कुणी पेणला, कुणाची नातवंडं शेलूच्या नव्या बिल्डिंगांमधून रोज कामाला जातात. चंद्राबाईचे दोघे भाऊ वारले. लग्नाला खोपोलीचा फोटोवाला आणला होता. त्याने सबंध वऱ्हाडाचा एकच फोटो काढला. तो माहेरच्या भिंतीवर होता. भिंत कधीच पडली, फोटो कुणाच्या पेटीत गेला ते कुणाला माहीत नाही.

ललिता रविवारी रविवारी हिंडते. रसायनीच्या चाळींत झालं, पेण झालं. लोक दारातूनच विचारतात, "कुठल्या कंपनीकडून आलात?" एका घरी म्हातारा बसला होता, त्याला शेरीवाडी आठवली, वडाचं झाड आठवलं, लग्न नाही आठवलं. शाळेने तिला एप्रिलअखेरचं पत्र दिलंय. यंदा त्यावर 'पुढील नेमणुकीचा विचार होणार नाही' अशी जास्तीची ओळ आहे. चंद्राबाई वाल सोलत बसते आणि दर रविवारी संध्याकाळी विचारते, "सापडली का गं कुठं मी?"

पुढची तारीख एकोणीस मे आहे.

तुमच्या घरातलं कुणी शेरीवाडीचं असेल, तर आज एवढं करा. आजीची पेटी उघडा, जुने फोटो खाली काढा. एकोणसत्तर सालच्या वैशाखातलं लग्न. नवरा उंच, कानात बाळी. नवरी काटकुळी, तेरड्याच्या रंगाचं लुगडं. फोटोत तो रंग काळाच दिसेल. फोटोची पाठ वाचा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला आधी विचारा, तिला बोलू द्या, मधे तोडू नका. तिला काही आठवलं, तर तिला रिक्षात घाला आणि एकोणीस तारखेला सकाळी अकराच्या आत कर्जतच्या कचेरीत घेऊन या.