कानबाईच्या रविवारी विलासभाऊ गेले

आमचे विलासभाऊ आज सकाळी गेले. तेही कानबाईच्या रविवारी.

रोटांचं पीठ दळून तयार होतं, चौरंग मांडला होता. हा माणूस दारात चपला काढायला म्हणून खाली बसला आणि उठलाच नाही.

परवाच फोनवर कडकडून भांडलो होतो आम्ही. डिसेंबरच्या ट्रिपचा रूट कुठून घ्यायचा यावरून. ते भांडण अजून मिटलेलंही नाही हो!

आणि आजचाच दिवस? वर्षभरात दुसरा दिवस सापडला नाही?

ज्यांना खानदेश माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी इथे घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर मांडतात. घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून घरीच दळतात. त्याचे रोट, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी.

ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला त्यातला घास नाही.

आणि त्या दिवशी घरात कुणी गेलं, तर त्या घराचे रोट बंद. पुन्हा त्याच सणाला घरात मूल जन्मेपर्यंत बंद.

भाऊंच्या घरात हे एकदा होऊन गेलं होतं. आज पुन्हा झालं. म्हणून मला काही सुचत नाहीये.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बँकेने माझी बदली जळगावला केली. मी साताऱ्याची. पहिल्या उन्हाळ्यातच राजीनामा लिहायला घेतला होता. तेवढ्यात एका सहकाऱ्याने सांगितलं, "अमळनेरचे एक ड्रॉइंग टीचर आहेत, श्रावणात चालायला नेतात. जाऊन तर बघा." तेच विलासभाऊ.

चोपड्याला एसटीतून उतरायचं आणि सातपुड्याच्या पायथ्याने गावोगाव चालायचं. केळीच्या बागांच्या कडेने, काळ्या मातीतून. एकेक बूट दोन-दोन किलोचा व्हायचा.

बुरुडाच्या अंगणात बसून आम्ही टोपलीचं बूड विणायचो. माझी टोपली पाहून तो बुरूड इतका हसला, की त्याची बायको बाहेर आली. मग तीही हसली.

डोहापाशी आलो की भाऊ सगळ्यांना चपला काढायला लावायचे. "इथं साती आसरा राहतात. सात बहिणी. त्यातली धाकटी एकदा रुसली..."

एवढं बोलून चालायला लागायचे! पुढची गोष्ट हवी तर त्यांच्या बरोबरीने चाला. आमच्यातले जाडजूड साहेबलोकही गोष्टीपायी धापा टाकत पळायचे.

पण ट्रिप ठेवायचे नेमकी कानबाईच्या रविवारी. आम्ही सगळे बदलीवर आलेले, आम्हाला काय कळणार? त्या दुपारी ते आम्हाला कुणाच्या घरी नेत नसत. गावाबाहेरच्या मारुतीपाशी भाकरी-ठेच्याची शिदोरी सोडायचे. आम्हाला वाटायचं, काय छान पिकनिक आहे!

ब्याण्णव की त्र्याण्णव साली पावसाने झोडपलं आणि आम्ही एका घराच्या ओट्यावर शिरलो. आत कानबाईची गाणी चाललेली. त्या घरच्या म्हाताऱ्या अक्का बाहेर आल्या. आमच्याकडे बघितलंच नाही, थेट भाऊंना अहिराणीत विचारलं,

"तू खानदेशना शे ना रे भाऊ? मंग आज घर सोडीसन का बरं फिरी ऱ्हायना?"

भाऊ खाली बघत म्हणाले, "आमना रोट बंद शेतस, अक्का."

"का बरं?"

"ह्याच दिनले मोठा भाऊ गया. मी धाकला व्हतू."

इतकी वर्षं बरोबर चालतोय आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीत घरोघरी गाणी चाललेली असताना स्वतःच्या घरातली शांतता त्यांना सोसत नव्हती. त्यासाठी हा सगळा चालण्याचा खटाटोप.

अक्का आत गेल्या. रोट देता येत नव्हते, तो नियम त्या तरी कशा मोडणार? गुळाचा खडा घेऊन आल्या आणि भाऊंच्या हातावर ठेवला.

"हाऊ गूय शे. हाऊ काई रोटमा नही. खाय."

भाऊ तो गूळ खाताना लहान मुलासारखे रडले. मीही रडले. आज टाइप करतानाही रडतेय.

पुढे त्यांना नातू झाला, तोही बरोब्बर कानबाईच्या रविवारी. बँकेत फोन करून हा माणूस ओरडला होता, "मॅडम, आमचे रोट सुटले!" तेव्हापासून ट्रिप डिसेंबरात गेली आणि भाऊ त्या दिवशी घरी राहायला लागले.

आज दुपारी अमळनेरला पोचले. कोपऱ्यात नारळ होता, डोळे रेखलेला, नथ घातलेला. त्यावर कुणीतरी फडकं टाकलं होतं.

मी कानबाईवर चिडलेय. देवीवर चिडू नये म्हणतात, पण चिडलेय.

भाऊंना नेल्यावर सुमनवहिनींजवळ बसले. भाऊ आम्हाला घेऊन फिरायचे, तेव्हा त्या मुक्या घरात सासूजवळ वहिनी बसायच्या. कुणीतरी बसायलाच हवं होतं ना. एकाही ट्रिपला त्यांना येता आलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

त्यांनी माझा हात धरला.

"मॅडम, पुढला वरीसले ह्या दिनले माले चालाले लई जा. मी घरमा बसाव नही."

नेईन वहिनी. नक्की नेईन.

विलासभाऊ, भरल्या डोळ्यांनी तुम्हाला शेवटचा नमस्कार.